आरशातून काढलेला नाच

मावशी नाच बसवायची, पण स्वतः काय केलं ते तिच्या लक्षात म्हणून राहायचं नाही. लहर आली की अशी काही नाचायची की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं, आणि थांबली की विचारायची, "आता काय केलं गं मी?" शेवटी तिने भाचीला कॅमेरा घेऊन तालमीला बसवलं. भाचीचा धंदा लग्नाचे व्हिडिओ काढण्याचा. "नाच काय नि लग्न काय, माणसं नटून गोंधळच घालतात," म्हणत ती हजर झाली.

नवा नाच होता गर्दीत सगळ्यांना चुकवत चालणाऱ्या एका बाईचा. ती बाई मावशीच. सगळं जमलं होतं, शेवट तेवढा सापडत नव्हता. प्रयोग तोंडावर आला आणि मावशीची झोप उडाली. शेवट नसेल तर प्रयोगच करणार नाही, असं तिने जाहीर करून टाकलं.

त्यात भाचीने घोळ घातला. चेहरा दिसला नाही तर नवरीची आई जीव खाते, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. मावशी आरशाकडे तोंड करून नाचत होती, म्हणून हिने मागे उभं राहून आरशातलाच चेहरा टिपला. तो व्हिडिओ नाचात गर्दी होणाऱ्या मुलींकडे गेला; त्यांना वाटलं, समोरून काढलाय. त्यांनी सवयीने डावं-उजवं बदलून घेतलं आणि घरी घाम गाळून पाठ केलं.

दुसऱ्या दिवशी मावशी उजवीकडे वळली, अख्खा घोळका डावीकडे. बाजूची उंच मुलगी सरळ तिच्यावर येऊन आदळली.

"मावशी, चुकलं माझं! आरशातून काढलं मी!" कॅमेरा खाली ठेवून भाची धावली.

पण मावशी पडली नव्हती. सगळा भार त्या मुलीवर टाकून ती हळूच फिरली, आणि तिच्या खांद्यावर मान टेकवून तशीच राहिली. नाचभर सगळ्यांना चुकवणारी बाई कुणाला तरी टेकली होती. भाची धावता धावता थांबून बघत राहिली.

"सापडला!" मावशी टाळ्या पिटत ओरडली. "हाच शेवट! काढलास ना गं?"

भाचीने कॅमेऱ्याकडे पाहिलं. त्याने छताचा पंखा तेवढा इमानेइतबारे टिपला होता.

"अगं, मग मी केलं काय? आधी हात की आधी मान?"

"बाई, मी घाबरून डोळेच मिटले होते," उंच मुलगी म्हणाली. बाकीच्यांची तोंडं तेव्हा दुसरीकडे होती.

"हात नाही, मावशी. आधी तू गुडघ्यात वाकलीस." भाचीने चपला भिरकावल्या. उंच मुलीला जागेवर उभं केलं, तिच्यावर आदळली, वाकली, फिरली, मान टेकवली.

खांद्यावर तसाच भार आला तशी उंच मुलगी ओरडली. "हेच! अगदी हेच!" आनंदाने मावशी नुसती नाचायची बाकी होती.

"तुला नाचता येतं हे मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"मला तरी कुठे माहीत होतं!" भाची धापा टाकत म्हणाली, आणि कुणी न सांगता पुन्हा सुरुवातीच्या जागी जाऊन उभी राहिली.