बाबांची फ्लॉपी

आमच्या बदलापूरच्या घरात आता फ्लॉपी एकच उरली आहे. तिच्यावर बाबांच्या अक्षरात ‘खाजगी’ लिहिलंय. ती वाचता यावी म्हणून मी भंगारातून एक जुना कॉम्प्युटर आणलाय आणि दर रविवारी त्याचा ड्राइव्ह उघडून बसतो. बायको म्हणते, “बसलात का परत खुटखुट करत?”

एकेकाळी या खुटखुटीचा मला केवढा तोरा होता! उल्हासनगरात कॅम्प पाचमध्ये एका सिंधी शेठच्या टायपिंगच्या दुकानात मी कॉम्प्युटर सांभाळायचो. पडद्यावर एरर आला की गिऱ्हाइकाचा चेहरा उतरायचा आणि माझी कॉलर ताठ व्हायची. फ्लॉपीची पत्र्याची झडप सरकवून फुंकर मारायची, ड्राइव्हचं हेड, म्हणजे फ्लॉपी वाचणारा-लिहिणारा भाग, स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं. निम्म्या तक्रारी तेवढ्यावरच मिटायच्या.

बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यातून टाइमकीपर म्हणून निवृत्त झाले होते. रविवारी विहारातली वंदना आटोपली की पांढऱ्या सदऱ्यातच दुकानात यायचे आणि एका बोटाने टाइप करत बसायचे. काय लिहिताय विचारलं तर म्हणायचे, “पुरं झालं की वाच.”

आमच्या ड्राइव्हचं हेड जागेवरून किंचित सरकलेलं होतं. त्यामुळे त्याने लिहिलेली फ्लॉपी फक्त त्यालाच वाचता यायची, बाहेर कुठेच चालायची नाही. गिऱ्हाइकं ओरडायला लागली. शेठ म्हणाला, “अरे, ठीक कर ना इसको, धंदे की वाट लगी है!” मी स्क्रूच्या मूळ जागेची खूण म्हणून पेन्सिलने रेघ मारली, स्क्रू सैल केला आणि हेड बरोबर जागी आणलं. आमच्या फ्लॉप्या बाहेर धडाधड चालू लागल्या. शेठने लस्सी पाजली.

पुढच्या रविवारी बाबांची फ्लॉपी वाचली जाईना. हेड सरकलेलं असताना लिहिलेलं आता सुधारलेल्या हेडला सापडत नव्हतं. बाकीच्यांच्या मजकुराचे प्रिंट काढलेले होते, बाबांचा नव्हता. हे मला आधी सुचायला हवं होतं. नाही सुचलं.

बाबांनी हळूच विचारलं, “तो स्क्रू होता तिथं नाय नेता येणार? एकदाच. प्रिंट काढून घेतो.”

“बाबा, मशीन आता कुठं ठीक झालंय,” मी खेकसलो. दुकानात माणसं होती. त्यांच्यासमोर मला माझंच काम उलटं फिरवायचं नव्हतं. “परत टाइप करा ना.”

“बरं,” म्हणाले आणि निघून गेले. परत टाइप केलं नाही. दुकानातही पुन्हा आले नाहीत. आता त्यांना जाऊनही बरीच वर्षं झाली.

गेल्या रविवारी या भंगारातल्या ड्राइव्हचा स्क्रू केसभर फिरवला आणि फ्लॉपीवरची यादी अचानक पडद्यावर आली. फाइल एकच होती. नाव इंग्रजी अक्षरांत, ‘माझी आई’.

आजीला मी पाहिलेलं नाही. बाबा लहान असतानाच ती गेली. तिचा एकही फोटो घरात नाही आणि बाबा तिच्याबद्दल कधी बोलले नाहीत. फाइल उघडायला गेलो तर एरर. स्क्रू आणखी जरा फिरवला तर यादीही गेली. ती जागा काही केल्या पुन्हा सापडत नाही.

त्यांनी विचारलं तेव्हा पेन्सिलची रेघ तिथेच होती. दोन मिनिटांचं काम होतं. ते दुकानाबाहेर पडले आणि मी त्या रेघेवर स्पिरिटचा बोळा फिरवला, ड्राइव्ह स्वच्छ दिसावा म्हणून.