सासूबाईंनी न केलेली घासाघीस

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी सुरतेत तोलमाप खात्यात निरीक्षक म्हणून रुजू झाले, तेव्हा अधिकार भरपूर होते. कुठल्याही दुकानात शिरावं, कपाट उघडायला लावावं, मालाला सील ठोकावं. पर्समध्ये ओळखपत्र असलं की मी भलत्याच तोऱ्यात चालायची.

जादा भावाची पहिली तक्रार नवागाम वस्तीतून आली. कापडाच्या लूमवर काम करणाऱ्याची बायको, कडेवर तान्हं. तिथला एक दुकानदार बाळाच्या दुधाच्या डब्यावर छापील किमतीपेक्षा सहा रुपये जास्त घ्यायचा आणि बिल मागितलं की डबा परत फळीवर ठेवायचा. तिचं अंगावरचं दूध पुरत नव्हतं, म्हणून मुकाट्याने द्यायची. साहेब म्हणाले, "बिल नाही, मग पुरावा कुठला? साक्षीदारासमोर कुणीतरी जास्त पैसे देऊन डबा घ्यायला हवा. नाहीतर फाइल बंद करा."

मी घेऊ शकत नव्हते. तोऱ्यात हिंडून हिंडून साऱ्या दुकानदारांना तोंडओळख करून दिली होती. म्हणून सासूबाईंना पाठवलं. धुळ्याकडच्या, अहिराणी बोलणाऱ्या, नऊवारीतल्या, कुणाला संशय येण्यासारखं काहीच नाही. साक्षीदार गिऱ्हाईक बनून त्यांच्यामागे उभा राहिला, मी शेजारच्या शिंप्याकडे.

दहा मिनिटांनी सासूबाई विजयी मुद्रेने बाहेर आल्या. छापील किमतीपेक्षा दोन रुपये कमी देऊन डबा आणला होता.

जन्मात सांगितल्या भावाने कोथिंबीरही न घेतलेली बाई ती, चूक माझीच. मला हसू आवरेना, आणि त्या तान्ह्या बाळाची आई आठवून रडूही यायला लागलं.

आठवड्याने पुन्हा गेलो. वाटेत मी बजावलं, "आई, या वेळी तोंड उघडायचं नाही. मागेल तेवढे द्यायचे."

दुकानदाराने त्यांना लगेच ओळखलं. आता घासाघीस होणारच, म्हणून शहाण्याने सहाऐवजी दहा रुपये वाढवून सांगितले. सासूबाईंनी ओठ घट्ट मिटले आणि पैसे पुढे केले.

तोच गोंधळून तब्येत विचारू लागला. "माजी, तबियत तो सारी छे ने?"

साक्षीदाराने खूण केली. मी आत शिरून ओळखपत्र दाखवलं. सासूबाई माझ्याकडे वळल्या. "पोरी, आते बोलू का मी?"

"बोला, आई."

माझा पंचनामा लिहून संपला तरी त्या बोलतच होत्या. इतका आनंद मला पहिल्या पगाराच्या दिवशीही झाला नव्हता.

पुढच्या महिन्यात तक्रारदार बाई बाळाला घेऊन आमच्या घरी आली. हातात डबा, छापील भावाचं बिल, आणि चेहरा असा फुललेला की मला भरून आलं.

सासूबाईंनी बिल हातात घेऊन नीट पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"पुरा भाव दिधा? आते दुकानमा जाताना माले संगे लई जाय."