साडूंची टाळी

दोन गोष्टी एकाच वेळी चालाव्यात यासाठी आमच्या साडूंनी जेवढं जिवाचं रान केलं, तेवढं कोणी संसारासाठीही करत नाही. नव्वदच्या सुमारास मेहरूणला त्यांचा लग्नाच्या कॅसेटी जोडून देण्याचा धंदा होता. एक कॅमेरा वराकडे, एक वधूकडे. मग घरी दोन व्हीसीआर आणि दोन टीव्ही मांडून दोन्हीकडचा एकच क्षण जुळवत बसायचं. सेकंदाला पंचवीस चित्रं असतात, हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं की मला सेकंदाचीच धास्ती वाटू लागली. मला दोन्हीकडे तोच फेटा दिसे. साडू मात्र कपाळाला आठ्या घालून म्हणत, "भाऊ, डावं एक फ्रेम मांगे शे."

जुळवायला खूण हवी, म्हणून ते दोन्ही कॅमेऱ्यांसमोर एक सणसणीत टाळी वाजवत. आता आमच्या खान्देशात टाळी लागली म्हणजे लग्न लागलं. बोदवडला एकदा तिसऱ्या मंगलाष्टकानंतर कॅसेट बदलावी लागली आणि साडूंनी टाळी वाजवली. क्षणात अक्षता उडाल्या, बँड सुरू झाला, नवरदेवाने हारही घातला. उरलेली मंगलाष्टकं भटजींनी बँडवर ओरडून म्हटली. वधूपिता धावून आले, "हाई काय करं तुम्ही?" साडू शांतपणे म्हणाले, "आबा, दोन्ही कॅमेरामा टाळी बराबर शे."

पुढे वर्षभरात ते आबा गेले. मुलगी दिली होती धुळ्याला. ती एक दिवस साडूंकडे आली, तेव्हा मी तिथेच होतो. पाठवणीला आबांनी आपल्याकडे एकदाही पाहिलं नाही, त्या गोंधळाचा राग घेऊनच ते गेले, हे तिच्या मनातून जात नव्हतं. साडूंनी मूळ कॅसेटी काढल्या. पाठवणीच्या जीपचं दार दोन्हीकडे एकदम लागेपर्यंत दुपारभर मागेपुढे केलं, मग दोन्ही टीव्ही सुरू केले.

उजवीकडे ती वाकून कुणाच्या पाया पडत होती, तेव्हा डावीकडे आबा तिच्याकडे टक लावून पाहत होते. तिने मान वर केली की ते तोंड फिरवत. पुन्हा वाकली, पुन्हा पाहत. प्रत्येक वेळी.

"आबा मनाकडेच देखी ऱ्हायनात," ती स्वतःकडे बोट दाखवत म्हणाली.

साडू ते परत परत लावत राहिले. मला साडूंबद्दल एकदम फार माया वाटली. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं. पण दोन्ही हात बटणांवर होते, म्हणून त्यांनी ते पुसलं नाही.