वन्सं मागच्या दाराने गेल्या

आमच्या नणंदबाई शिलाईकाम करतात, आणि प्राणिमित्र संस्थेनं सोडवून आणलेली कुत्री कायमचं घर मिळेपर्यंत घरी सांभाळतात. आज त्यांतल्या भित्री नावाच्या कुत्रीला बघायला एक जोडपं आलं. ती आपणहून जवळ आली तरच ते तिला नेणार होते. म्हणून वन्सं स्वयंपाकघराचं दार लावून आत बसल्या आणि पाहुण्यांपाशी मी. भित्री मात्र त्याच दाराला नाक लावून बसली. आत एकच पातेलं पुन्हापुन्हा घासलं जात होतं.

"वहिनी, गेली का?"

"नाही हो, तुमचीच खुडबुड ऐकत बसलीय."

पाहुण्यांची चुळबुळ सुरू झाली. मी मनात देवाचा धावा करत होते, पण तिनं जावं म्हणू की राहावं, तेच ठरेना. तेवढ्यात मागचं दार वाजलं आणि आत सामसूम झाली. भित्रीनं बराच वेळ कान टवकारले. मग उठून तिनं पाहुण्या बाईंच्या पायावर हनुवटी टेकली.

मी धावत बाहेर गेले. वन्सं अनवाणीच गल्लीत येरझाऱ्या घालत होत्या.

"गेली?"

"गेली."

"बेइमान कुठली!"

"आत चला, निरोप तरी द्या."

"मला पाहिलं तर माझ्याकडेच पळत येईल," म्हणत त्या पुन्हा गल्लीच्या टोकाकडे वळल्या.