कॅन्सरवाली गोळी

डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा बजावलं होतं, ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज घेतली तर जिवावर बेतेल. मी शनिवार ठरवला. मळमळलं तरी रविवार हाताशी राहतो आणि सोमवारी शाळेत फळ्यापुढे उभं राहता येतं. सकाळी बोटं इतकी आखडायची, की खडू धरता येत नव्हता. आता औषध नीट घेतलं नाही तर सांधे वाकडे होतील आणि वाकडे झालेले पुन्हा सरळ होणार नाहीत, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आमचे हे तेव्हा बाहेर गाडीपाशी उभे होते. दवाखान्यात आत यायचं म्हटलं, की ह्यांना पार्किंगची काळजी लागते.

औषधाच्या दुकानात मात्र हे पुढे. दुकानदारानं चिठ्ठी वाचली आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "हे गोळी कोनासाठी हाय? कॅन्सरच्या पेशंटले देतेत हे."

कॅन्सरला ती मोठ्या प्रमाणात देतात आणि माझ्यासारख्या संधिवाताला अगदी थोडी, हे डॉक्टरांनी मला समजावलं होतं. मी तिथल्या तिथे ह्यांना सांगितलं. ह्यांनी मान डोलावली, पण ती समजूत घालणारी मान होती. घरी आल्यावर जवळ येऊन बसले.

"तू मले खरं सांग. मी काई लहान लेकरू नाई."

"खरंच सांगून राह्यली. संधिवातच हाय."

"बरं," म्हणाले आणि उठून कणीक भिजवायला गेले. परात कुठे असते हे ह्यांना ठाऊक आहे, हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळलं.

पिपरी मेघेतल्या आमच्या गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जायचं नसतं, त्यामुळे घरात संत्री आणि बिस्किटांचे पुडे साठले. शेजारणी माझ्या केसांकडे बघत बसायच्या. प्रत्येकीला मी सांगायची, अहो, संधिवात आहे. ती म्हणायची, "हो हो, असाच धीर धरा." खरं बोलून खोटं पडायचं, याचा ताप मला त्या मळमळीहून जास्त झाला.

मग हिंगणीहून मोठ्या नणंदबाई पिशवी घेऊन राहायलाच आल्या. "पडून राह्य तू. भांड्याले हात लावू नोको," म्हणाल्या. याच नणंदबाई दर सणाला माझ्या हातच्या पुरणपोळ्या मागायच्या. बोटं दुखतात म्हटलं, की म्हणायच्या, "आमचेई दुखतेत बाई, वयच हाय थे." आता त्या मला पाण्याचा ग्लासही उचलू देईनात.

मी दिवसभर चिडलेली असायची, पण आराम पडत होता हे नाकारण्यात अर्थ नाही. कपडे पिळणं नाही, पोळ्या लाटणं नाही. बोटांची सूज थोडी उतरली. ती गोळीनं उतरली की कणीक सुटल्यानं, कोण जाणे.

रक्त तपासून पुन्हा डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा हे पहिल्यांदाच आत आले. पार्किंगचं नावही काढलं नाही. माझी सगळी विचारपूस झाल्यावर खाली बघत म्हणाले, "सर, आता हिच्यापाशी किती दिवस हायेत?"

डॉक्टरांना आधी कळेना. कळल्यावर ते म्हणाले, "कॅन्सर नाही हो. संधिवात आहे. मात्र हा जन्मभराचा आजार आहे, घरातल्या कामाला हातभार लावत जा." पहिलं वाक्य ह्यांनी ऐकलं. पुढचं ऐकलं असं मला वाटत नाही, कारण हे तोंड झाकून रडत होते. माझा सगळा राग तेवढ्यापुरता विरघळला. हा माणूस महिनाभर एकटाच घाबरत होता.

घरी पोचलो, तर नणंदबाईंनी ऐकलं आणि पिशवी भरायला घेतली. "नुसता संधिवात निंगाला. किती घोर लावला तुनं," म्हणाल्या, जशी काही अफवा मीच उठवली. त्यांना बसवर सोडून हे परत आले, खुर्चीत पाय लांब करून बसले आणि समाधानानं म्हणाले, "चाहा मांड बरं. आता कसं मोकळं वाटून राह्यलं."

मी पातेलं नळाखाली धरलं. ते भरलं तसं बोटांतून सुटलं आणि पाणी ओट्यावरून खाली आलं.

"काय पडलं?"

"हात दुखून राह्यले माहे."

"कालपर्यंत तर काई बोलली नाई."

कालपर्यंत मला कोणी पातेलं उचलू दिलं नव्हतं. पाणी तसंच ठेवून मी बाहेर आले आणि ह्यांच्या समोर बसले. "चाहा तुमीच मांडा. माह्यासाठीही मांडा," मी म्हणाले.

ह्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं समाधान हळूहळू उतरलं. मग खुर्ची जवळ ओढून, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "डॉक्टरनं तुले एकटीले अजून काई सांगतलं काय?"