गॅलरीतली दोरी

इकडे ये बघू. कागदावर का होईना, पण जरा जवळ सरकून बस. ऑपरेशन होऊन तुला कित्येक महिने झाले आणि फोन केला की नवराच उचलतो. "मावशी, ती पडलीये." सारखी पडलेली कशी असशील गं? परवा तुझी आई म्हणाली, ब्लाऊजसुद्धा तीच चढवून देते, तुझा हात वर जात नाही म्हणून. असं करतात का शहाण्या बाया?

माझंही असंच झालं होतं, म्हणून रागावतेय. कॅन्सरने डावा स्तन गेला, टाके निघाले आणि घरी येऊन बघते तर आमच्या भाईंदरच्या दोन खोल्यांत सगळं माझ्यासाठी खाली उतरलेलं. मसाल्याचा डबा, चहा, साखर, सगळं ओट्यावर. गॅलरीत छताजवळ दोरी आहे, काठीने कपडे टाकतो ना आपण, ती काठी ह्यांनी कपाटामागे लपवली आणि घडीचा स्टँड आणला. मी पातेलं उचललं की सूनबाई धावत. "आई, ठेवा ते!" माया हो सगळी. पण त्या मायेत माझा खांदा आखडला. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम सांगितला होता. बोटं जरा वर चढली की हे म्हणायचे, "बास, दुखेल."

तपासणीला गेलो तेव्हा तिथे पेशंटशी बोलायला एक मुलगी होती, समुपदेशक. मला वाटलं आता मला चार गोष्टी शिकवणार. तिने ह्यांनाच समोर बसवलं.

"काका, सगळं तुम्हीच केलंत तर यांचा हात वर जाईल कसा?"

"दुखलं तर तिला?"

"ताणलं जाणारच थोडं. डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच करायचं. तुम्हाला भीती कसली वाटते?"

हे खिशात रुमाल शोधायला लागले. "ही जाईल ह्याची."

एवढ्या संसारात हा माणूस माझ्यासमोर पहिल्यांदा रडला. मीही रडून घेतलं, मग म्हटलं, "मी कुठे चाललेय? आधी माझी काठी द्या."

मिळाली काठी. आधी रुमाल, मग ह्यांचा बनियन. खांदा ओढायचा, डोळ्यांत पाणी यायचं, पण दोरी जवळ यायला लागली.

आता ऐक गंमत. ब्राच्या आत ठेवायला मला दवाखान्यातून कापसाची उशी मिळाली होती. सूनबाई ती धुऊन बाथरूममध्ये टॉवेलखाली वाळत घालायची. कापूस तो, अंधारात वाळतोय कसला! कुबट वास यायचा. एक दिवस मी उशी ब्राच्या कप्प्यात तशीच ठेवली आणि ब्रा काठीने गॅलरीतल्या दोरीवर टाकली. भर उन्हात.

"आई, समोरचे बघतील!"

"बघू देत. चोरीचा माल आहे का?"

समोरच्या गॅलरीतल्या गुजराती बेनने विचारलंच, "आंटी, ये क्या सुखाया है?"

"मेरी छाती है, बेन. एक डॉक्टर ने ले ली, ये दूसरी है."

सूनबाई पदरात तोंड लपवून आत. मग बेन म्हणते, "इधर धूप ज़्यादा आती है आंटी. चाहिए तो मेरी रस्सी पे डाल दो."

त्या दिवसापासून टॉवेल बंद. आता सूनबाईच ओरडते, "आई, ऊन आलंय, उशी टाकलीत का?"

तू तुझी उशी कुठे वाळवतेस, तेही सांगितलंय तुझ्या आईने. पलंगाखाली! मेलेल्या माणसाचं सामान आहे का ते, कोंबून ठेवायला? तू जिवंत आहेस, बाई. जिवंत माणसाचे कपडे उन्हात वाळतात.

तेव्हा तुमच्या काशीगावहून सरळ रिक्षा कर. नवऱ्यालाही आण, ह्यांच्यासमोर बसू दे, दोघं बोलतील काय ते. उशी पिशवीत घाल. माझ्या शेजारी दोरीवर जागा ठेवलीये, काठी मात्र तुलाच उचलायची आहे. रविवारीच ये गं, ऊन छान पडतंय सध्या.