तिसऱ्या पानावरचा खून

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात नांदेडच्या हॉस्टेलचं पाणी संपलं आणि आम्हा मुलींना घरी पाठवलं. मी उदगीरला आले. लातूरला रेल्वेने पाणी येत होतं, आमच्या गल्लीत आठवड्यातून एकदा टँकर यायचा, आणि तरीही गावात विषय एकच होता, उदगीर जिल्हा होणार. चौकातल्या न्हाव्याने तर दुकानाच्या पाटीवर 'जि. उदगीर' असं रंगवूनही घेतलं होतं.

दुपारी मी वाचनालयात जायचे. तिथे पंखा होता आणि कुणी माझ्याशी बोलत नसे. ग्रंथपाल काका एकटेच सगळं बघायचे. वाचनालयाची सरकारी तपासणी जवळ आली होती. जिल्हा झाला तर वाचनालयाचा वर्ग वाढेल आणि त्याबरोबर अनुदानही, ही त्यांची आशा. पण इथे कुणी वाचतच नाही असं दिसलं, तर आहे तो वर्ग उतरणार आणि काकांचं पदही जाणार. अभिप्रायाची वही कोरी होती. लोक यायचे, पेपर वाचायचे आणि चष्मा विसरून जायचे.

"ताई, तुमी इंग्रजी शाळेतल्या. चार ओळी लिवा," काका म्हणाले आणि एक जाडजूड कादंबरी माझ्यासमोर ठेवली. गुन्हा आणि भूत, दोन्ही असलेली. आजवर तिघांनी नेली होती आणि तिघांनी दुसऱ्याच दिवशी परत आणली होती. लई हळू हाय, असं तिघांचं मत.

मी ती चार दिवसांत संपवली, तीही घाबरत. तिसऱ्या पानावर नायक पहाटे विहिरीवर जातो, कठड्यावर खूण करतो आणि घरी येऊन चहा पितो. मी हादरले. माझं मराठी कानाने शिकलेलं. घरी पानी म्हणतात, पुस्तकात पाणी लिहितात. घरी लोनी, पुस्तकात लोणी. म्हणजे घरी खून, तर पुस्तकात खूण. हा नियम माझा मीच शोधला होता आणि तोवर तो कुठे अडला नव्हता.

पुढची अडीचशे पानं मेलेल्याचं कुणी नावही काढत नाही. बायका त्याच विहिरीवर पाणी भरतात. लग्नाच्या याद्या होतात. भाऊ विचारतो, खूण नीट दिसते ना? नायक म्हणतो, लांबून दिसते. इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ पंख्याकडे बघत बसले. शेवटच्या पानावर 'खून' असं छापलं होतं. ती मला छपाईची चूक वाटली. मी पेन्सिलने न चा ण केला.

मग वहीत लिहिलं : 'ही कादंबरी हळू नाही. तिसऱ्याच पानावर खूण होते आणि अख्खं गाव प्रेताशेजारी पाणी भरत राहतं. इतकी निर्दय माणसं मी कधी वाचली नव्हती.'

काका भलतेच खूश झाले. येईल त्याला त्यांनी हे वाचून दाखवलं, अर्थात 'खून' असंच म्हणत. पंधरवड्यात आठ जणांनी कादंबरी नेली. मग एका दुपारी समोरच्या शिवणकामवाल्या मावशी आल्या आणि त्यांनी पुस्तक टेबलावर आपटलं.

"तिसऱ्या पानावर खून कुठंय?"

"हाय की. विहिरीवर."

"ती खून हाय, खून न्हाई."

"मंग मी काय म्हनतोय?"

"अवो, तो खून न्हाई. ती खून. पानी हुडकनारा पानाड्या चुन्यानं करतो, ती."

कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेल्या मला सगळं कळलं. एक ण उच्चारला असता तर वाद तिथेच मिटला असता, पण तो उच्चारायला तोंड उघडावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी वहीतलं पान खोडायला म्हणून मी लवकर गेले, तर तपासणीचे साहेब लातूरहून आलेले. पुढ्यात अर्धा ग्लास पाणी. त्यांनी माझा अभिप्राय दोनदा वाचला, कादंबरी मागवली, तिसरं पान काढलं, मग शेवटचं. काका घाम पुसत त्या आठ जणांच्या नोंदी दाखवू लागले. साहेबांचं लक्ष पेन्सिलच्या ण कडे होतं.

"कोण ही वाचक?"

काका छताकडे बघू लागले. मी उभी राहिले.

"मी. माझं चुकलं. यांचं काही नाही त्यात. मी ते खोडते."

"पेन्सिल शेवटच्या पानावर आहे," साहेब म्हणाले. "म्हणजे शेवटपर्यंत वाचलीत?"

"हो."

त्यांनी माझ्या अभिप्रायाखाली शेरा लिहिला : 'येथील वाचक पुस्तके वाचतात. चुकीचे वाचतात, परंतु पूर्ण वाचतात. वर्ग कायम ठेवण्यास हरकत नाही.' त्यावर शिक्का मारला. तपासलेल्या पानावर खाडाखोड चालत नाही, असं मला सांगितलं आणि उरलेलं पाणी पिऊन निघून गेले.

काकांनी वही कपाटात ठेवली, कुलूप लावलं, ते दोनदा ओढून पाहिलं. मग कवितेच्या कपाटासमोर जाऊन उभे राहिले.

"ताई," ते म्हणाले, "यातलंबी एखादं वाचा की. याला कुनी हात लावंना."